शिंपी पक्षी: पान शिवतो म्हणजे नेमकं काय करतो?

पाणंद (धागाकर्ता)

मंडळी, पाऊस सुरू झाला की 'बागेत दिवसभर कुणीतरी ओरडतंय, आवाज मोठा आहे पण पक्षी काही दिसत नाही' असे प्रश्न इथे यायला लागतात. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: शिंपी. त्याच्याबद्दल इकडेतिकडे सुटं सुटं बरंच लिहून झालंय, म्हणून एका जागी धागा काढतोय. तुमच्याकडच्या नोंदी प्रतिसादांत जरूर टाका.

आधी ओळख. शेपटी धरून लांबी १० ते १४ सेंमी, वजन ६ ते १० ग्रॅम. कपाळ आणि डोकं तांबूस, पाठ पिवळसर हिरवी, पोट मळकट पांढरं आणि शेपटी कायम उभी. शेंड्यावर बसून राहणारा हा पक्षी नव्हे. जास्वंदी-कण्हेरीच्या आतल्या आत, एका काडीवरून दुसरीवर त्याचं टुणटुण चाललेलं असतं. विणीच्या हंगामात नराच्या शेपटीतली मधली दोन पिसं लांब वाढतात, नर-मादीत डोळ्यांना दिसणारा फरक तेवढाच. 'टुविट-टुविट-टुविट' सुरू झालं की त्याच्या मानेकडे बघा. ओरडताना मान ताणली जाते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळा डाग दिसतो. पुष्कळांना तो पिसांचा पट्टा वाटतो. प्रत्यक्षात ती पिसांखालची काळी कातडी आहे, पक्षी गप्प झाला की झाकली जाते.

आता मुख्य मुद्दा, शिवण.

घरट्यासाठी पान तोडत नाहीत. झाडावरचंच, देठाला धरलेलं जिवंत पान निवडायचं. पान मोठं असेल तर त्याच्याच दोन कडा जवळ आणायच्या, लहान असेल तर शेजारची दोन-तीन पानं एकत्र घ्यायची. मादी चोचीच्या टोकाने कडेला बारीक भोक पाडते आणि त्यातून तंतू ओढून घेते. तंतू म्हणजे कोळ्याचं जाळं, किड्यांच्या कोशाचं रेशीम, झाडाच्या सालीचे धागे, रुईच्या नाहीतर सावरीच्या बोंडातली म्हातारी, आणि आपल्या घरातून मिळालं तर सूत. पानांचा असा द्रोण तयार झाला की त्याच्या आत कापूस, मऊ तंतू भरून खरं घरटं, म्हणजे अंडी ठेवायची खोलगट वाटी तयार होते.

गाठ मात्र ती मारत नाही. जेर्डन या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात भारतातल्या पक्ष्यांवर मोठं काम केलं, त्याने गाठी मारतो असं लिहून ठेवलं आणि ते पुढे चालत राहिलं. गेल्या दिवाळीनंतर आमच्या अंजिराच्या झाडावरून एक रिकामं घरटं पानासकट गळून पडलं, ते हातात घेऊन नीट पाहिलं. पानाच्या वरच्या अंगाला प्रत्येक भोकातून कापसाचं टोक बाहेर आलेलं आणि पिंजारलेलं. गादीवाला टाका घालून वर सुताचा गोंडा सोडतो ना, अगदी तसं. भोक इवलंसं, बाहेर फुललेलं टोक त्याच्यापेक्षा मोठं, त्यामुळे तंतू मागे सरकूच शकत नाही. ओढून बघितलं तर पान फाटलं, टाका निघाला नाही. बहुतेक टाके एकेकटे होते. म्हणजे हे शिवणकामापेक्षा रिव्हेट ठोकण्याच्या जवळचं काम आहे. दोन-तीन ठिकाणी मात्र एका भोकातला तंतू पुढच्या भोकात नेलेला होता, तिथे खरोखर धावदोरा घातल्याचा भास होत होता.

केसी वुड नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने श्रीलंकेत (तेव्हाचं सिलोन) ही घरटी तपासली आणि या कामाचे चार प्रकार सांगितले: शिवणं, रिव्हेट मारणं, लेस ओवतात तसं ओवणं आणि तंतू एकमेकांत दाबून नमद्यासारखा थर करणं. त्याला घरट्यांत आतून सावरीच्या जातीच्या झाडांचा कापूस सापडला.

भोकं इतकी बारीक असतात की पानाची कड तपकिरी पडत नाही. पानाची वरची, तुकतुकीत बाजू बाहेर ठेवलेली असते. पान जिवंत, हिरवं, झाडाच्या बाकीच्या पानांबरोबर हलणारं. समोर उभं राहूनही घरटं दिसत नाही ते यामुळे.

आणि आता मला जे सांगायचंय ते. या पक्ष्याला चार गोष्टी लागतात: रुंद पानाचं झुडूप, जळमटं, कुठूनतरी कापूस, आणि महिनाभर कुणी हात न लावणं. आपल्याकडे वीण मार्च ते डिसेंबर केव्हाही होते, पण भर जून ते ऑगस्ट. नेमका तोच काळ आपण बागेच्या छाटणीसाठी निवडतो, कारण पावसात झाडं माजतात. माळी मशीन घेऊन येतो, झुडपं चौकोनी करून जातो, आणि त्यात काय गेलं हे कुणाला कळतही नाही. पावसाळ्यात बागेचा एक कोपरा तरी न कापता सोडा. एवढ्यासाठी हा धागा.

सोनटक्का

सुंदर धागा! वाचनखूण साठवली.

आमच्याकडे (नाशिक) कुंडीतल्या वांग्यावर केलंय सध्या. वांग्याचं पान मऊ आणि लवदार, इतकं वजन कसं पेलतं याचं नवल वाटतं. मादी दारातल्या पायपुसण्याच्या कडेचं सूत उपटताना मी स्वतः पाहिली. दोन पाय रोवून, मान मागे टाकून ओढत होती. सुटलं नाही तर सोडून द्यायची, जरा इकडे-तिकडे करून परत त्याच धाग्यापाशी.

एक शंका: आपण मुद्दाम दोरे ठेवले तर चालतं का? सासूबाई वातींसाठी कापूस पिंजून ठेवतात, त्यातला थोडा ग्रिलवर अडकवून ठेवू का म्हणत होत्या.

पाणंद

सासूबाईंना सांगा, वातीचा कापूस उत्तम. साधा, न रंगवलेला, सुटा. लांब दोरे मात्र नकोत, पिल्लांच्या पायात गुरफटतात. नायलॉन, मांजाचे तुकडे, केसांची गुंतवळ तर अजिबात नको. घेईलच असंही नाही. ठेवलेल्या कापसाकडे ढुंकूनही न बघितल्याच्या नोंदी आहेत आणि घेतल्याच्याही आहेत.

खरं तर कापसापेक्षा जळमटं महत्त्वाची. घराच्या आतली काढा, पण बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यातली, पन्हाळीखालची राहू द्या. कोळ्याचा तंतू चिकट असतो, ताणला तरी पटकन तुटत नाही. पान वाऱ्याने हलतं, पिल्लं वाढतात तसा द्रोण रुंदावतो, तेव्हा हा ताण झेलणारा तंतू लागतो.

बी_विंग

धागा माहितीपूर्ण आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मी सोसायटीच्या कमिटीत आहे. पावसाळ्यात झुडपं वाढू दिली की तळमजल्यावरच्या लोकांच्या तक्रारी सुरू होतात. साप निघाला, डास झाले, खिडकीत अंधार आला. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या इमारतीत डेंग्यूचे रुग्ण होते. कमिटीने छाटणी केली नाही तर उद्या जबाबदारी आमच्यावर येते. 'कोपरा सोडा' हे लिहायला सोपं आहे.

पाणंद

तुमची अडचण खरी आहे. दोन गोष्टी वेगळ्या करू या. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, गच्चीवरची भंगार बादली, झाकण नसलेली टाकी. ते दर आठवड्याला रिकामं करायलाच हवं, शिंप्याचा त्याला काही अडसर नाही. झुडूप कातरून ते पाणी जात नाही.

सापाचं म्हणाल तर तो उंदरांच्या मागे येतो. कचऱ्याच्या जागेकडे आधी बघा. आणि झुडपाचा जमिनीलगतचा वीतभर भाग मोकळा ठेवला तरी शिंप्याचं अडत नाही.

खिडकीपाशी कापा ना, कुणी नको म्हटलंय? मागच्या कुंपणाचा, पंपरूमच्या बाजूचा पट्टा सोडा. आणि छाटणीच्या आधी माळ्याला दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघायला सांगा. पक्षी चोचीत अळी घेऊन एकाच जागी परत परत जात असेल तर तेवढं झुडूप त्या खेपेला वगळायचं.

घाटमाथा

पाणंददादा, एक भर घालतो. शिवलेलं पान दिसलं की ते शिंप्याचंच असं नाही. राखी वटवट्याही पानं जोडून घरटं करतो. दोघं एकाच कुळातले. आमच्या गावाकडे उसाच्या बांधावर आणि परसात दोघंही असतात आणि लोक हमखास गल्लत करतात.

वटवट्या ओळखायचा कसा? वरून राखाडी, खालून फिकट बदामी, शेपटी लांब आणि शेपटीच्या टोकाला पांढरे-काळे ठिपके. पाठीवर हिरवा रंग नाही. आणि दचकून उडाला की 'चट् चट्' आवाज येतो. तो गळ्यातला नव्हे, उडताना निघतो. अंडी तर कुणीही ओळखेल: वटवट्याची विटकरी लाल, चकचकीत. शिंप्याची फिकट, निळसर किंवा पांढरट आणि त्यावर तपकिरी ठिपके. पण अंडी बघून ओळखा असं मी म्हणत नाहीये, पक्षी बघून ओळखा.

सोनटक्काताई, वांग्यावर दोघंही करू शकतात. एकदा खात्री करून घ्या.

सोनटक्का

पाठ हिरवी, डोकं तांबूस. शिंपीच. पण हे वाचून आता कळलं की मागच्या वर्षी शेजारच्यांकडे कर्दळीवर होता तो वटवट्या असणार. तो चट् चट् आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकलाय!

जुनं_टपाल

या धाग्यात एका माणसाचं नाव यायलाच हवं. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जे 'ईहा' या आद्याक्षरांनी लिहीत. जन्म १८५१ साली साताऱ्यात, वडील स्कॉटिश मिशनरी. शिक्षण मुंबई-पुण्यात, पुढे डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि मग कस्टम व मीठ खात्यात नोकरी केली. मिठागरं आणि जकात नाके यांच्यामागे कोकण-कारवार फिरले आणि अंगणात, परसात, बंगल्याच्या व्हरांड्यात दिसणाऱ्या जिवांवर लिहीत गेले. वाघ-बिबट्यांच्या शिकारकथांचे ते दिवस, आणि हा गृहस्थ चिमण्या, बेडूक, मुंग्या यांच्याकडे टक लावून बसायचा. शिंप्याला कापूस पुरवून तो घरट्यात वापरायला लावण्याची जी नोंद आहे, ती यांचीच. पाणंद यांनी वर नाव न घेता तिचाच उल्लेख केलाय.

१८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यांतले एक हे. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतीशास्त्राचे जाणकार सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. निसर्गाभ्यास हे साहेबाचं खूळ होतं असं आपण सरसकट म्हणून टाकतो, तेव्हा या दोघांना विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

शिंप्याविषयी युरोपात पहिल्यांदा शास्त्रीय वर्णन छापून आलं ते १७६९ मध्ये, थॉमस पेनंट याचं. त्यात त्याने असं लिहिलं होतं की हा पक्षी खाली पडलेलं वाळकं पान उचलतो आणि हिरव्या पानाच्या बाजूला शिवतो. पेनंट भारतात किंवा सिलोनमध्ये कधी आलाच नव्हता, दुसऱ्यांनी आणलेली चित्रं आणि नमुने यांवर त्याने लिहिलं. वाळलेल्या पानाने पक्ष्याचा काय फायदा? लपण्याची सगळी मदार पान जिवंत असण्यावर आहे. ज्याच्या परसात हे घरटं झालंय त्याला हे लगेच कळलं असतं.

रानजाई

@जुनं_टपाल, सखाराम अर्जुनांबद्दल हे ठाऊक नव्हतं. स्वतंत्र धागा काढाच.

तिसरा_मजला

सिंगापूरहून. आमच्या इमारतीखालच्या झुडपात हाच शिंपी आहे, आवाज अगदी डोंबिवलीतल्या आईच्या गॅलरीत ऐकायचो तोच. शिवाय इथे त्याचे तीन भाऊबंद आहेत, एक काळसर मानेचा, एक तांबूस शेपटीचा आणि एक राखाडी. पहिल्यांदा चौघांत फार गोंधळ व्हायचा.

एक गोष्ट सांगण्याजोगी. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमध्ये शिंप्याची एक संपूर्ण नवी जात सापडली. २००९ मध्ये बर्ड फ्लूसाठी पक्ष्यांची तपासणी चालू असताना तो हाती आला आणि २०१३ मध्ये नवी जात म्हणून जाहीर झाला. कुठल्या निबिड अरण्यात नव्हे, शहराच्या हद्दीतल्या आणि आजूबाजूच्या नदीकाठच्या झुडपांत. लाखो लोकांच्या वस्तीत इतकी वर्षं ओरडत होता आणि कुणी वेगळा म्हणून ओळखला नव्हता.

पाणंद

बरं झालं हे लिहिलंत. झुडपांत राहणाऱ्या पक्ष्यांकडे आपलं लक्ष नसतं, याचा याहून मोठा पुरावा नको.

मोहोर

रत्नागिरीकडून. आमच्या आंब्याच्या बागेत मोहोर फुलला की शिंपी शेंड्यापर्यंत चढतो, एरवी खाली झुडपात असणारा. मोहोरावर माश्या, भुंगेरे, बारीक किडे असतात, ते टिपतो. फवारणी झाली की चार-सहा दिवस फिरकत नाही, हे मी दर वर्षी बघतो. आंब्याला फवारणी आम्हांला सोडता येत नाही, पोट त्यावर आहे. पण घराजवळची दोन रायवळ झाडं मी कधीच फवारत नाही. तिथे माघ-फाल्गुनात सकाळी उभं राहिलं की शिंपी, शिंजीर, चष्मेवाला सगळे एका झाडावर.

काटेसावर फुलली की अजून एक गंमत. शिंपी फुलात डोकं घालून रस पितो आणि बाहेर येतो तो डोक्यावर परागकणांचा पिवळा थर घेऊन. आमच्या पुतण्याने तसा पक्षी पाहून 'पिवळ्या डोक्याचा नवीन पक्षी' म्हणून फोटो पाठवला होता.

लांबपल्ला

मस्त चर्चा. माझ्याकडे मनीप्लांटच्या मोठ्या पानात घरटं आहे, तीन अंडी. वरचं पान जरा बाजूला केलं की आत अगदी स्पष्ट दिसतं. उद्या सकाळी उजेड चांगला असेल, फोटो काढून इथे टाकतो.

घाटमाथा

कृपा करून पान बाजूला करू नका.

लांबपल्ला

एका मिनिटाचं काम आहे. फ्लॅश मारणार नाही. लोकांना बघायला मिळालं तर जागृतीच होईल ना?

पाणंद

लांबपल्ला, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. पण एका मिनिटात काय होतं ते सांगतो. ते वरचं पान म्हणजे घरट्याचं छप्पर. हलवलं की टाके सैल होतात, पाऊस थेट आत. दुसरं, आपण जिथे वाकून बघतो तिथे कावळा आणि भारद्वाज नंतर येऊन बघतात. ते माणसांवर लक्ष ठेवून असतात. मांजर, उंदीर, सरडा हे धोके वेगळेच. शिंप्याची अंडी-पिल्लं असंही मोठ्या प्रमाणात या शत्रूंच्या तोंडी जातात, त्यात आपण वाट दाखवायला नको.

आणि कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे धरलंय. तुम्हांला धाक घालायला लिहीत नाही. ही गोष्ट किरकोळ नाही, एवढंच.

फोटो हवाच असेल तर खिडकीच्या काचेआडून, लांबच्या लेन्सने, आई-बाप खाऊ घेऊन येतात तेव्हाचा काढा. तो घरट्यातल्या अंड्यांच्या फोटोपेक्षा कितीतरी बोलका असेल.

लांबपल्ला

ठीक आहे, पटलं. काचेआडूनच काढतो. अंडी तीन आहेत हे मला बघायच्या आधी माहीत नव्हतं, आता पुन्हा डोकावणार नाही. किती दिवस लागतील साधारण?

पाणंद

अंडी उबवायला सुमारे १२ दिवस, त्यानंतर पिल्लं उडायला अंदाजे १४. म्हणजे आता अंडी असतील तर तीन-साडेतीन आठवडे धरा. खाऊ दोघंही भरवतात, आणि पिल्लांची शी चोचीत धरून लांब नेऊन टाकण्याचं कामही दोघंच करतात. हा येण्या-जाण्याचा क्रम एकदा काचेआडून बघाच.

अंगण_वाशीम

मदत हवी आहे, लवकर सांगा! वारा-पावसात पेरूचं पान फाटून घरटं खाली लोंबतंय. एक पिल्लू जमिनीवर पडलंय, डोळे उघडे आहेत पण पंख नीट आलेले नाहीत. मुलीने उचलून रुमालात ठेवलंय. आई म्हणते माणसाचा हात लागला, आता पक्षी घेणार नाहीत.

घाटमाथा

ताई, हात लागला म्हणून पक्षी पिल्लं टाकत नाहीत. तो समज खरा नाही. पंख आले नाहीत म्हणजे पिल्लाला घरट्यातच जायला हवं.

लोंबणारं पान शेजारच्या फांदीला मऊ सुती दोऱ्याने बांधा, घरट्याचं तोंड वर राहील असं. पान पार फाटलं असेल तर घरटं जसंच्या तसं छोट्या टोपलीत किंवा तळाला भोकं पाडलेल्या करवंटीत बसवून त्याच फांदीला, त्याच उंचीवर अडकवा. पिल्लू आत ठेवा. मग सगळ्यांनी घरात जायचं आणि खिडकीतून बघायचं. दूध, पाणी, भात काहीही भरवू नका, पाणी श्वासनलिकेत जातं. मांजर बांधून ठेवा, असेल तर.

पाणंद

घाटमाथांनी अगदी बरोबर सांगितलं. तासा-दोन तासांत आई-बाप आलेच नाहीत तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. पण बहुधा येतील. शिंप्यांच्या एका जोडीने हलवून आणलेल्या दुसऱ्याच जोडीच्या घरट्यातली पिल्लं सांभाळल्याचीही नोंद आहे. विरळा आहे, पण पिल्लाचा आवाज ऐकून भरवण्याची त्यांची ओढ किती जबर असते ते त्यावरून कळतं.

अंगण_वाशीम

करवंटीत बसवलं. मुलगी खिडकीला चिकटून बसली आहे. मोठा पक्षी फांदीवर येऊन खूप ओरडला, मग आत गेला. आत्ता दुसराही आला, त्याच्या चोचीत हिरवी अळी होती. दोघं आळीपाळीने येतायत. तुम्हा दोघांचे मनापासून आभार, आईलाही वाचून दाखवलं.

रानजाई

वाचून फार बरं वाटलं, ताई.

माझी एक नोंद, जरा वेगळी. मागच्या श्रावणात आमच्या अंगणात (सावंतवाडीजवळ) शिंपी एका भल्याथोरल्या पिल्लाला भरवताना दिसला. पिल्लू त्याच्या दुप्पट. शिंपी त्याच्या शेजारच्या फांदीवर चढून, वरून वाकून अळी देत होता. शेजारचे काका म्हणाले, ते पिल्लू हाकलून दे, शिंप्याचा जीव घेईल. मी काही केलं नाही, पण तेव्हापासून मनात आहे.

पाणंद

काही केलं नाहीत ते योग्यच. ते कोकिळेच्या नात्यातलं, राखाडी पोटाची जी लहान कोकीळ पावसाळ्यात आपल्याकडे येते तिचं पिल्लू असणार. ती शिंपी आणि वटवट्या यांच्या घरट्यांत अंडं घालते. कोकीळ कावळ्याकडे, चातक बुलबुल-सातभाईंकडे आणि ही या छोट्यांकडे, अशी त्यांची घरं ठरलेली आहेत. पावसात तिची करुण शीळ ऐकू येते, तुम्ही नक्की ऐकली असेल.

शिंप्याची ती वीण वाया जाते, हे खरं. पण पिल्लू हाकललं म्हणून त्याची गेलेली अंडी परत येत नाहीत, आणि ती कोकीळही इथलीच आहे. ज्या अंगणात ती येते तिथे शिंपी भरपूर असतात, नाहीतर ती तिथे आलीच नसती. तुमचं अंगण चांगलं आहे असं समजा.

तिसरा_मजला

एक प्रश्न राहिलाच. हे झोपतात कुठे? घरट्यात?

पाणंद

घरटं फक्त अंडी-पिल्लांसाठी. एरवी रात्री बारीक फांदीवर, डोक्यावर पानांचं छत असेल अशा जागी झोपतात. विणीचा हंगाम नसेल तेव्हा एकेकटे. हंगामात जोडीने, आणि नुकतंच उडायला लागलेलं पिल्लू असेल तर ते दोघांच्या मधे, अंगाला अंग लावून. या जागा पुष्कळदा घराजवळ, दिव्याच्या उजेडाजवळही असतात. रात्री जिन्यातल्या दिव्यापाशी वेलीवर पिसांचा गोळा दिसला तर टॉर्च मारू नका, दिवा मात्र नेहमीसारखा चालू असला तरी हरकत नाही.

बी_विंग

कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. पंपरूममागचा पट्टा आणि जलवाहिनीच्या बाजूची जास्वंद यांना यंदा हात लावायचा नाही असं ठरलं. दोघांचा विरोध होता, बाकीचे तयार झाले. माळ्याला मी समक्ष दाखवून आलो. तो म्हणाला, 'साहेब, त्या जास्वंदीत आत्ताच आहे एक, मला ठाऊक आहे, मी तेवढी फांदी सोडतोच.' त्याला आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

आता नेमकं सांगा, तो पट्टा कापायचा कधी? उगाच वर्षभर कुणी सोडणार नाही.

पाणंद

माळीदादांना माझा नमस्कार सांगा. त्यांनाच विचारून ठरवा.

साधारण दिवाळी उलटली की कापा, पण कापायच्या आधी बघून. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही दुसरी वीण चालू असू शकते. पिल्लं उडाली की लगेच कात्री लावू नका. उडाल्यावरही काही दिवस आई-बाप त्यांना त्याच झुडपात भरवतात, आणि तेव्हा पिल्लांना नीट उडता येत नसतं. चोचीत अळी घेऊन झुडपात शिरणारा पक्षी दिसायचा बंद झाला, की मग खुशाल कापा. जुनं घरटं राखून ठेवायची गरज नाही, पुढच्या खेपेला मादी नवीन पान निवडते. एक करा, छाटताना जुनी जाड खोडं ठेवा आणि वरून कापा. जास्वंदीला नवीन फुटवा येतो त्याची पानं रुंद असतात, आणि मार्चपर्यंत ती शिवण्याजोगी होतात.